मार्ग क्रमांक तीन

विमानाची चार तिकिटं मी दोनदा मोजली.
एकदा पैशांत, एकदा महिन्यांत:
एवारिस्तोचा सव्वादोन महिन्यांचा पगार
तीन तासांच्या आकाशासाठी.
शिवाय पाळणा.
दिराला मुलगा झालाय दक्षिणेत, रिओ गायेगोसला,
आणि आमच्या दोघांनी ज्याचे गज चावून ठेवलेत
तो पाळणा कुठलं विमान घेणार?

मग जुन्या रेनॉच्या टपावर तो उलटा बांधला.
बाहिया ब्लांका अजून झोपलेलं.
पहिल्याच पुलावर नाउएलनं विचारलं, "आलं?"

दोन हजाराला थोडेच कमी किलोमीटर, बाळा,
हे चार वर्षांच्या पोराला कसं सांगायचं?
मायतेन सातची; तिनं आपलं माप काढलं.
सान आंतोनियो म्हणजे एक झोप, एक भांडण.
त्रेलेव म्हणजे दोन झोपा आणि एक उलटी.
(उलटी माझ्या पर्समध्ये. पिशवी शोधेपर्यंत
तेवढंच तोंड उघडं सापडलं.)

खिडकीबाहेर काहीच नव्हतं,
आणि ते काहीच दिवसभर पुरलं.
खुरटी झुडपं, तारेचं कुंपण,
कुंपणापाशी मान उंचावलेला एक ग्वानाको,
आमच्याकडे असा बघत
जणू उधारी मागायला आलोय.

पंपावर थर्मासात गरम पाणी भरून घेताना
म्हातारा ओरडला, "बाई, गाडीचं नाक वाऱ्याकडे करा,
नाहीतर दार हातात येईल!"
मायतेनची टोपी तोवर चिलीच्या उलट दिशेला,
समुद्राकडे, निघूनही गेली होती.
ती रडली नाही. म्हणाली,
"ती विमानानं गेली."

गुडघ्यांत थर्मास धरून
मी एवारिस्तोला येर्बाचा कडू घोट देत राहिले.
मुलं झोपली. आणि रस्त्यावरची नजर न काढता
तो एकदम बोलायला लागला:
त्याचा बाप लोकरीचा ट्रक चालवायचा,
इथंच कुठंतरी थांबला असताना
पोराला खाली विसरून चाळीस किलोमीटर पुढे गेला.
"परत आला तेव्हा काही बोलला नाही.
नुसतं पाणी पाजलं."
अकरा वर्षांच्या संसारात
हे मला पहिल्यांदा कळलं.
टेबलाशी समोरासमोर बसून
ते त्याच्या तोंडून निघालंच नसतं बहुधा.
मी दुसरा घोट भरला. एवढंच केलं.

पुढे वळणावर बाटल्यांचा ढीग.
"इथं कचरा का टाकलाय?"
कचरा नव्हे. दिफुंता कोर्रेया.
रणात तहानेनं मेली ती, नवऱ्याच्या शोधात निघालेली;
आणि म्हणतात, छातीशी तिचं बाळ
दूध पीत जिवंत सापडलं.
म्हणून वाटसरू तिच्यासाठी पाणी ठेवतात.

नाउएलनं आपली बाटली काढली,
विचार केला, अर्धी पिऊन टाकली,
झाकण दातांनी घट्ट केलं
आणि ओळीत सगळ्यांच्या पुढे ठेवली.
एवारिस्तो गाडीतून उतरला नाही.
स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून
आरशात काहीतरी पाहत होता.

रिओ गायेगोसला जाऊबाईंनी विचारलं,
"एवढी लहान मुलं घेऊन गाडीनं? वेड लागलंय का?"
पाळण्याच्या गजांत इतकी धूळ बसली होती
की बाळाआधी पाळण्यालाच अंघोळ घातली.
तो एक गज मात्र अजून करकरतो.

परतीला त्याच वळणावर
नाउएल "थांबा" म्हणून किंचाळला.
शेकडो बाटल्यांतून त्यानं आपली ओळखली,
दातांच्या खुणांवरून.
उन्हाशी धरून पाहिली.
"कमी झालंय. ती प्यायली."

झाकण नीट बसलं नव्हतं, वारा, ऊन,
मला सगळं माहीत होतं.
एवारिस्तो या वेळी खाली उतरला होता.
थर्मासमधलं उरलेलं कोमट पाणी
त्यानं बाटलीत ओतलं, काठोकाठ,
आणि झाकण स्वतः फिरवलं.

मग आम्ही पुन्हा निघालो.
दोन झोपा बाकी होत्या.
उलटीचं अजून ठरलं नव्हतं.